खिशातली वस्तू काढून दाखवता येते, मनातला हेतू कसा दाखवणार?

प्रश्न एका तरुण अभियंत्याचा आहे. पुण्यातल्या एका कंपनीत तो सिग्नल प्रोसेसिंगचे काम करतो आणि नुकतेच त्याला एका नव्या प्रकल्पावर घेतले आहे. कॅमेऱ्यातून माणसाच्या चेहऱ्यावरचा सूक्ष्म रंगबदल टिपून नाडीचा वेग काढायचा, त्याला श्वासाची लय, डोळ्यांची हालचाल आणि चालण्याची ढब जोडायची, आणि ज्याच्या मनात घातक हेतू असण्याची शक्यता दिसेल त्याच्याभोवती पडद्यावर लाल चौकट उमटवायची, असे त्या प्रणालीचे स्वरूप आहे. रेल्वे स्थानके आणि मॉल हे तिचे अपेक्षित ग्राहक आहेत. तो विचारतो: आम्ही कोणाला हात लावत नाही, कोणाला प्रश्न विचारत नाही, कोणाचे नाव साठवत नाही, मग यात अनैतिक ते काय? अचूकता ९५ टक्क्यांवर गेली तर आक्षेप उरतो का? आणि धातुशोधक चौकटीतून सगळ्यांना जावे लागतेच, तर ही चौकट तिच्यापेक्षा वेगळी कशी?

तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी बरीचशी नोकरी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या मानसशास्त्र विभागात, पॉलिग्राफच्या खोलीत गेली. तुमची प्रणाली आणि माझे यंत्र यांत पन्नास फुटांचे अंतर असेल, पण दोघांचे गृहीतक एकच आहे.

पॉलिग्राफच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीभोवती आणि पोटाभोवती श्वास मोजणाऱ्या दोन नळ्या असतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो आणि दोन बोटांना घामामुळे बदलणारा विद्युतरोध टिपणाऱ्या पट्ट्या असतात. एकदा एका पतपेढीच्या चोरीत तिथला रात्रीचा रखवालदार माझ्यासमोर बसवला होता. ‘त्या रात्री एक ते तीनच्या दरम्यान तुम्ही फाटकावरच होता का?’ या प्रश्नाला त्याने ‘हो’ म्हटले आणि त्याचा श्वास दोन आवर्तने अडकला. घामाची रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. प्रश्नांचा क्रम बदलून तीनदा विचारले, तिन्ही वेळा तेच. अहवाल लिहायला एवढे पुष्कळ होते. पट्टा सोडताना मी सहज विचारले की त्या प्रश्नाला एवढे काय झाले, तेव्हा तो रडायला लागला. मुलीला ताप भरला होता म्हणून तो फाटकाला कुलूप घालून घरी जाऊन आला होता आणि हे कळले तर नोकरी जाईल, ही धास्ती त्याला होती. पुढे चोर दुसराच निघाला. आलेख खोटे बोलत नव्हता. त्यात भीती अगदी स्वच्छ उमटली होती, फक्त भीतीचे कारण त्यात नव्हते.

तुमच्या प्रकल्पाची अडचण इथूनच सुरू होते. नाडी, श्वास, घाम, बुबुळ हे सगळे शरीराच्या उत्तेजित अवस्थेचे मोजमाप आहे. ती अवस्था गाडी चुकण्याच्या चिंतेने येते, तापाने येते, जिना चढल्याने येते, नवऱ्याशी भांडून निघाल्याने येते आणि कमरेला स्फोटके बांधल्यानेही कदाचित येते. ‘कदाचित’ म्हणायचे कारण असे की आपण करतो ते पुण्यकर्म आहे अशी ज्याची खात्री पटलेली असते, त्याचे हृदय धडधडेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. हेतू नावाचा वेगळा संकेत शरीर देत नाही. मी खुर्चीत बसलेल्या माणसाला निदान तोच प्रश्न पुन्हा विचारू शकत होतो आणि त्याच्याच दोन उत्तरांची तुलना करू शकत होतो. तुमच्या कॅमेऱ्याला तेवढीही सोय नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी विभागाने ‘फ्यूचर अ‍ॅट्रिब्यूट स्क्रीनिंग टेक्नॉलॉजी’ नावाचा, ‘फास्ट’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा, नेमका हाच प्रकल्प राबवला होता. त्यात दुरून नाडी व श्वास टिपणारे संवेदक, नजरेचा मागोवा घेणारे उपकरण आणि चेहऱ्याची उष्णता पाहणारे कॅमेरे होते. सप्टेंबर २००८ मध्ये मेरीलँड राज्यात स्वयंसेवकांवर त्याचे प्रात्यक्षिक झाले. २०११ मध्ये त्याची प्रत्यक्ष जागेवरची पहिली चाचणी झाल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रयोगशाळेतली अचूकता सुमारे ७० टक्के असल्याचे विभागातर्फे सांगण्यात आले. हा आकडा तुम्ही म्हणता त्या ९५ शेजारी ठेवून पाहा. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की त्या प्रयोगांतले ‘घातक हेतू’वाले लोक म्हणजे गैरकृत्य करण्याची भूमिका दिलेले स्वयंसेवक होते. खरा घातपाती प्रयोगशाळेत नोंदणी करायला येत नाही. म्हणजे यंत्र शिकले ते ‘सांगितलेले काम करताना अवघडलेला माणूस’ ओळखायला. तुमच्या प्रकल्पात ‘घातक’ असा शिक्का मारलेले व्हिडिओ कुठून आले आहेत, हा प्रश्न उद्याच विचारा. उत्तर बहुधा ‘कलाकारांकडून करून घेतले’ असे येईल.

यंत्राऐवजी प्रशिक्षित माणसांनी हेच काम करण्याचा प्रयोग तर फार मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याचा हिशेब सार्वजनिक आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००३ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावर ‘स्पॉट’ नावाची पद्धत आजमावायला घेतली आणि २००७ पासून ती देशभर पसरवली. रांगेतल्या प्रवाशांचे हावभाव पाहायचे, प्रत्येक खुणेला गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या माणसाला बाजूला घ्यायचे, अशी ती पद्धत. २०१५ मध्ये तिची गोपनीय गुणपत्रिका फुटली, तेव्हा तिच्यात अतिरेकी जांभया, सारखे घसा खाकरणे, शीळ घालणे, नुकतीच दाढी केल्याने गालाचा खालचा भाग फिका दिसणे, अंगाला उग्र वास येणे अशा खुणा निघाल्या. मे महिन्यातल्या दुपारी दादरच्या पुलावर ही पत्रिका घेऊन उभे राहिले, तर पाच मिनिटांत वही भरेल.

तिथल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगच्या जातकुळीतल्या संस्थेने, या पद्धतीची एकाहून अधिक वेळा झडती घेतली. २०१० च्या अहवालानुसार मे २००४ ते ऑगस्ट २००८ या काळात स्पॉट असलेल्या विमानतळांवरून सुमारे दोन अब्ज प्रवासी चढले. त्यांतल्या १,५१,९४३ जणांना बाजूला घेतले गेले, १४,१०४ जणांना पोलिसांसमोर उभे केले गेले आणि १,०८३ जणांना अटक झाली. अटकेची कारणे होती बेकायदा वास्तव्य, जुने वॉरंट, बनावट कागदपत्रे. दहशतवादाचा एकही सापडला नाही. उलट पुढे दहशतवादी कटांत नावे आलेले १६ जण स्पॉट असलेल्या विमानतळांवरून बिनदिक्कत ये-जा करून गेल्याचे त्याच अहवालात आहे. नोव्हेंबर २०१३ च्या अहवालात असे म्हटले की २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले आहेत आणि हावभावांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीइतकी किंवा तिच्याहून किंचित बरी आहे, असे गेल्या ६० वर्षांतल्या संशोधनाचे आढावे सांगतात. प्रशासनाच्या बाजूनेही एक मुद्दा होता आणि तो टाळणे योग्य नाही: त्यांच्या स्वतःच्या २०११ च्या अभ्यासात यदृच्छया निवडलेल्या प्रवाशांपेक्षा स्पॉटने निवडलेल्यांत ‘जास्त धोक्याचे’ प्रवासी नऊपट सापडले होते. मात्र ‘जास्त धोक्याचे’ म्हणजे प्रामुख्याने बनावट कागद, बंदी असलेली वस्तू किंवा अटक. आणि लेखापरीक्षकांनी त्या अभ्यासाच्या पद्धतीवरच बोट ठेवले.

आता तुमच्या ९५ टक्क्यांकडे येतो. समजा एका मोठ्या स्थानकातून दिवसाला पाच लाख माणसे जातात आणि त्यांतली पाच खरोखर घातक आहेत. (हे पाच म्हणजे सुद्धा फारच झाले, पण हिशेबापुरते धरू.) तुमची प्रणाली दोन्ही बाजूंनी, म्हणजे घातकाला घातक आणि निरपराधाला निरपराध ठरवण्यात, ९५ टक्के बरोबर असेल, तर त्या पाचांपैकी बहुधा सगळे पकडले जातील आणि त्यांच्याबरोबर २५,००० निरपराध माणसांभोवतीही लाल चौकट उमटेल. प्रत्येकाशी दोनच मिनिटे बोलायचे म्हटले तरी ५०,००० मिनिटे लागतील, म्हणजे शंभराहून अधिक कर्मचारी पूर्ण पाळीभर दुसरे काहीही न करता फक्त हेच करत बसतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने पॉलिग्राफबद्दल २००३ च्या अहवालात असाच हिशेब मांडला होता: १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर असतील आणि त्यांतले आठ पकडायचे ठरवले, तर सुमारे १,६०० निर्दोष माणसे संशयित ठरतात, ती संख्या चाळिसाच्या आसपास आणायची, तर दहांतले आठ हेर सुटून जातात. हा दोष अल्गोरिदमचा नाही. जी गोष्ट मुळातच अतिदुर्मीळ आहे, ती शोधताना कोणत्याही चाळणीचे असेच होते.

नैतिकतेचा खरा पेच या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तो प्रत्यक्ष फाटकावर उभा राहिल्याशिवाय दिसत नाही. २५,००० चौकटींपुढे उभा असलेला शिपाई सगळ्यांना अडवू शकत नाही, म्हणून तो त्यांतले निवडतो. कशावरून निवडतो? कपड्यांवरून, रंगावरून, टोपीवरून, बोलीवरून, गाठोड्यावरून. लोगन विमानतळावरच्याच ३० हून अधिक अधिकाऱ्यांनी २०१२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांविरुद्ध तक्रार केली होती की स्पॉटच्या नावाखाली कृष्णवर्णीय आणि लॅटिन प्रवाशांना वेचून अडवले जाते. यंत्र आल्यावर हा पूर्वग्रह जात नाही. त्याला पावती मिळते. पूर्वी शिपायाला ‘मला संशय आला’ एवढेच म्हणता येत होते, आता ‘सिस्टिमने दाखवले’ असे म्हणता येते. शिवाय कॅमेऱ्यातून नाडी मोजण्याचे तंत्र सावळ्या त्वचेवर कमी अचूक चालते, हे तुम्ही त्याच क्षेत्रातले असल्याने माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असेल.

महाराष्ट्रात तरी ही गोष्ट कोणाला नव्याने सांगायला नको. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगारी वृत्तीचे ठरवले. हजेरी लावायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहायचे, असा त्याचा अंमल होता. १९५२ मध्ये कायदा गेला, तरी आजही चोरी झाली की पहिले पाऊल पारध्याच्या पालाकडे वळते. तो कायदाही आपल्या काळात ‘शास्त्रीय’ मानला जात होता. पोलीस समोर दिसला की ज्याची नाडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने वाढते, त्या माणसाची वाढलेली नाडी ही संशयाची खूण मानायची, यातली क्रूरता लक्षात येते ना?

तिसरा प्रश्न धातुशोधक चौकटीचा. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांत हाच कळीचा आहे. चौकट वाजली की माणूस खिशातून किल्ल्या काढतो, ताटलीत ठेवतो, पुन्हा आत जातो आणि विषय संपतो. आरोप एका वस्तूबद्दल होता, वस्तू समोर आली, शंका फिटली. त्या माणसाबद्दल कोणी काही म्हटलेले नसते. तुमची चौकट वाजली तर त्याने ताटलीत काय ठेवायचे? ‘माझ्या मनात तसे काही नाही’ हे सिद्ध करायला त्याच्याकडे कोणतेही साधन नाही. झडतीत काही सापडले नाही तरी यंत्राचा निष्कर्ष खोटा ठरत नाही, कारण हेतू असून हत्यार नसणे शक्य असते. जितके तो समजावून सांगेल, तितका तो घाबरेल आणि तितकी नाडी वाढेल. ज्या आरोपाला निर्दोष माणूस उत्तरच देऊ शकत नाही, तो आरोप करण्याचा अधिकार कोणालाही नसावा, मग तो करणारा पोलीस असो की सॉफ्टवेअर. अचूकता ९५ वरून ९९.९ झाली तरी हा आक्षेप जागचा हलत नाही, कारण हजारात एक चुकीचा ठरलेला माणूसही तितकाच निरुत्तर असतो.

कायद्यानेही हेतूला याच कारणाने जपून हाताळले आहे. हेतू, तयारी, प्रयत्न आणि कृत्य अशा पायऱ्या आपला फौजदारी कायदा मानतो आणि नुसत्या हेतूला शिक्षा देत नाही. तयारीलाही दरोड्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नाही. माणूस फाटकापर्यंत येऊन परत फिरू शकतो, ही शक्यता कायद्याने त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे. रागाच्या भरात सुरी घेऊन निघालेला आणि वाटेत चहा पिऊन घरी परतलेला माणूस गुन्हेगार नव्हे. मी अशी दोन-तीन माणसे तरी पाहिली आहेत.

पुण्याचे नाव या विषयात वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे, ते तुम्हाला माहीत असायला हवे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींवरून ‘अनुभवजन्य स्मृती’ ओळखणाऱ्या ‘बीईओएस’ चाचणीचा आधार घेऊन एका विद्यार्थिनीला दोषी ठरवले आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. त्याच वर्षी निमहान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नाही असे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या संमतीशिवाय करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) चा भंग असल्याचे ठरवले. त्या दिवशी आमच्या विभागात थोडी खळबळ होती, हे कबूल करतो. मला मात्र सुटल्यासारखे वाटले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच निकालात दडले आहे. हात न लावणे आणि प्रश्न न विचारणे हा तुम्हाला सभ्यपणा वाटतो. माझ्या खोलीत मात्र संमतीपत्र होते, खुर्ची होती, ‘मला चाचणी द्यायची नाही’ असे म्हणून उठून जाण्याची वाट होती. तुमच्या कॅमेऱ्याखालून जाणाऱ्याला आपली चाचणी चालली आहे हेच कळत नाही, मग तो नकार कधी देणार? हात न लावल्याने चाचणी सौम्य होत नाही, ती फक्त अदृश्य होते. सेल्वी निकाल तपासातल्या व्यक्तींबद्दल होता आणि गर्दीवरच्या कॅमेऱ्यांना तो आपोआप लागू पडतो असे मी म्हणणार नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणात राज्याने केलेल्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागतात, आणि जे यंत्र मोजतो म्हणते ते मोजतच नाही, ते प्रमाणबद्धतेत बसवणे वकिलालाही जड जाईल. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने केवळ स्वभावचित्रणावरून (प्रोफायलिंगवरून) एखादी व्यक्ती गुन्हा करील असे भाकीत करणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली, तसेच कामाच्या ठिकाणी व शाळांत भावना ओळखण्यावरही. सीमेवर आणि पोलिसांच्या वापरात मात्र भावना ओळखण्याला बंदी नाही, ‘जास्त जोखमीचे’ एवढाच शिक्का आहे. तिथले कायदे करणारेही सुरक्षेच्या दारात आले की अडखळतातच.

याचा अर्थ स्थानकावर काहीच करू नये असा नाही. बेवारस बॅग ओळखणारा कॅमेरा, रुळांवर उतरणारा माणूस दिसताच इशारा देणारी प्रणाली, स्फोटकांचे अंश शोधणारी यंत्रे आणि कोणाचीही निवड न करता चिठ्ठी टाकल्यासारखी केलेली यदृच्छ तपासणी या सगळ्यांची मी शिफारस करत आलो आहे, कारण त्या वस्तूकडे किंवा घडलेल्या कृतीकडे बोट दाखवतात आणि त्यांना उत्तर देता येते. ‘ही बॅग माझी आहे’ असे माणूस पुढे येऊन म्हणू शकतो.

नोकरी सोडायची का, हे मी सांगणार नाही. घरचा हप्ता मला माहीत नाही. पण पुढच्या बैठकीत चार गोष्टी लेखी मागा. प्रशिक्षणासाठी वापरलेला ‘घातक’ नमुना खरा की अभिनित, त्वचेच्या रंगानुसार चुकीच्या इशाऱ्यांचे वेगवेगळे आकडे, दर हजार इशाऱ्यांमागे अपेक्षित खरे किती, आणि थांबवलेल्या माणसाने नेमके काय केले म्हणजे पडद्यावरची चौकट पुसली जाईल. पहिल्या तीनांची उत्तरे कशीबशी मिळतील. चौथ्याचे मिळाले तर मला जरूर कळवा. आणि दुरून नाडी मोजण्याचे तुमचे कौशल्य वाया जाईल असे वाटत असेल, तर नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात जाऊन या. कागदासारख्या नाजूक कातडीला चिकटपट्टी न लावता नाडी मोजण्यावर तिथे संशोधन चालू आहे आणि त्यांना नाडीचा अर्थ नाडी एवढाच हवा असतो.